धुळीच्या फाट्यावरचा ग्लास रिन्सर : पारोळा-एरंडोल पट्ट्यातल्या एका चहाच्या हॉटेलचं प्रकरण

पारोळ्याहून एरंडोलकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या दोन्ही अंगांना काळं रान लागतं. जुने ट्रकवाले याला अजून सहा नंबरचा रोडच म्हणतात. या पट्ट्यात एका फाट्यावर चहाचं हॉटेल आहे. आत जाणारा रस्ता कच्चा आणि त्याच्या टोकाला जिनिंग. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की फाट्यावरची धूळ खाली बसतच नाही. दिवसाला पाच-सहाशे ग्लास चहा जातो. मालकांना सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आप्पांनी दिवाळीच्या आधी दोन ग्लास रिन्सर बसवले होते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्टीलचा उथळ ट्रे, त्याच्या मधोमध चांदणीसारखी फुली आणि फुलीत बारीक भोकं. ग्लास पालथा धरून फुलीवर दाबला की खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि भोकांतून पाण्याच्या धारा ग्लासच्या आत तळापर्यंत उडतात. हात काढला की स्प्रिंग फुलीला वर ढकलते आणि पाणी बंद. हॉटेलातली पोरं त्याला ‘कारंजं’ म्हणतात. आधी इथे बादलीत बुडवून ग्लास काढायची पद्धत होती, आणि त्या बादलीचं पाणी दहा ग्लासांतच चहाच्या रंगाचं होई. गिऱ्हाईक बोलत नसे, पण बघत असे. म्हणून खर्च केला. विकणाऱ्याने दाखवलेला व्हिडिओ काचेच्या दारांच्या, एसी कॅफेतला होता. फाट्यावर तो कसा चालेल, हा प्रश्न ना त्याने काढला ना यांनी.

जानेवारीत मला दुरुस्तीसाठी बोलावणं आलं तेव्हा तक्रारी एकदम चार होत्या. पहिला रिन्सर दाबल्यावर वर येत नव्हता, पाणी ठिबकत राहायचं. दुसऱ्याच्या नऊ भोकांपैकी तीनच चालू, त्यातली एक धार तिरकी येऊन पोराच्या शर्टावर. खालचा प्रेशर पंप गिऱ्हाईक नसतानाही थोड्या थोड्या वेळाने खट्ट करून सुरू व्हायचा. आणि चौथी, जिच्यामुळे आप्पा खरे चिडले होते, ती म्हणजे विसळलेल्या ग्लासात चहाच्या तळाशी खर, म्हणजे रेताड कचकच, लागत होती. एका नेहमीच्या ड्रायव्हरने ग्लास काउंटरवर उलटा करून दाखवला होता.

आधी एक मिस्त्री येऊन पंप बदलून गेला होता. नवा पंपही तसाच खट्ट खट्ट करत होता, कारण दोष पंपात नव्हताच. प्रेशर स्विचवाला पंप लाइनमधला दाब उतरला की सुरू होतो. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून पाणी ठिबकत असेल तर दाब सतत उतरत राहणार आणि पंप रात्रंदिवस उठबस करणार. ठिबकणाऱ्या रिन्सरची लाइन बॉल व्हॉल्व्हने बंद करून पाहिली आणि पंप गप्प झाला. या तपासाला पान्हासुद्धा लागत नाही.

पुढची पायरी म्हणजे दाब मोजणं. असल्या कामात प्रेशर गेज नसेल तर सगळं अंदाजपंचे चालतं. आप्पांची टाकी स्लॅबवर, काउंटरपासून फार तर दहा फूट उंच. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) येतो, म्हणजे दहा फुटांचा पाव ते एक तृतीयांश किलो. बहुतेक रिन्सरना नीट धार यायला दीड-दोन किलो लागतात, म्हणून पंप हवाच. गेज मी रिन्सरच्या अगदी अलीकडे टी टाकून बसवला. दाबायच्या आधी काटा दोनच्या वर होता आणि दाबल्यावरही जवळजवळ तिथेच राहिला. याचा अर्थ पाणी रिन्सरपर्यंत पुरेसं येतं, अडतं ते भोकांत. दाबल्याबरोबर काटा खाली आपटला असता तर अडथळा अलीकडे, फिल्टरमध्ये किंवा नळीत शोधावा लागला असता. गेज दोन-तीनशे रुपयांचा. बदललेल्या पंपाचे पैसे मी इथे लिहीत नाही.

भोकांत काय निघालं

फुली उपसून काढली आणि भोकांतला गाळ पांढऱ्या बशीत झटकला. डोळ्यांना एकाच रंगाची राखाडी पूड दिसत होती. बोटांत चोळली तर तिच्यात तीन जाती निघाल्या. काही कण करकरीत, वाळूचे. काही भाग पिठासारखा गुळगुळीत, ओलं बोट लावलं की चिकटणारा. आणि काही पापुद्रे पांढरट, कडक, नखाने मोडणारे. पापुद्र्यांवर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे आले. हा चुन्याचा क्षार, बोअरच्या पाण्यातून आलेला. वाळूवर लिंबाचा काही परिणाम होत नाही. फुलीच्या दांड्याला, जिथे ती खालीवर सरकते तिथे, चौथी वस्तू गुंडाळलेली होती : रुईचे तंतू. सरकी निघताना जिनिंगमधून उडणारे बारीक तंतू वाऱ्याबरोबर येतात, ओल्या स्टीलवर चिकटतात आणि दांड्याभोवती वळत वळत त्यांचा नमदा तयार होतो. त्यात माती बसते आणि दांडा आवळला जातो.

यातल्या गुळगुळीत मातीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण आमच्याकडच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून दगडासारखी होते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. दांडा आणि त्याचं भोक यांच्यात जागा असते केसाएवढी. दिवसभर ओल्या हातांनी, ओल्या ग्लासांनी तिथे पातळ चिखल जातो. रात्री हॉटेल बंद झालं की तो वाळून घट्ट होतो. सकाळी पहिला ग्लास दाबला की फुली हलत नाही, पोरगं जोर लावतं, ती खाली जाते आणि तिथेच अडकते. चार-पाच दाबांनंतर माती ओली झाली की पुन्हा नीट चालते. पोरं म्हणत होती, “सकायले अडकस, मंग चालस.” आधीच्या मिस्त्रीने हे वाक्य कानाआड केलं. मला तर निम्मं निदान त्यातच मिळालं होतं. स्प्रिंग ढिली असती तर ती दिवसभर ढिलीच राहिली असती.

जोर लावण्याचा दुसरा परिणाम ग्लासांवर. कटिंगचा ग्लास लहान तोंडाचा, हे रिन्सर मात्र मोठे मग आणि दुधाचे जग डोळ्यांपुढे ठेवून केलेले. लहान ग्लास फुलीवर एका बाजूला बसतो, दाब तिरका जातो, दांड्याचं भोक एका अंगाने झिजतं आणि त्या फटीत आणखी माती. महिनाभरात फुटलेल्या ग्लासांचा हिशेब आप्पांकडे नव्हता, पण कडा उडालेले ग्लास मोरीत दिसत होते.

अडकू नये म्हणून एका पोराने दांड्याला खोबरेल लावलं होतं. त्याचा हेतू चांगला. पण तेलावर धूळ आणखी बसते, आणि व्हॉल्व्हमधल्या ओ-रिंगा (गळती अडवणाऱ्या रबरी कड्या) बऱ्याचदा ईपीडीएम रबराच्या असतात, त्यांना तेल-ग्रीस मानवत नाही. खनिज तेलाने तर त्या फुगून मऊ पडतात. चालतं ते फक्त फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच.

खर कुठून येत होती

आप्पांची समजूत अशी की खर पाण्यातून येते, म्हणजे टाकी धुतली की संपलं. टाकी खरंच वाईट होती. झाकण उन्हाने तडकलेलं, त्यावर वीट ठेवलेली, आणि तळाशी दोन बोटं काळा गाळ. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही. आउटलेट अगदी तळालगत, म्हणजे टाकी रिकामी होत आली की गाळासकट पाणी खाली. वाळूच्या कणांचा उलगडा तिथे झाला.

पण ग्लासातली खर त्याने पूर्ण समजत नव्हती. भोकं साधारण एक मिलिमीटरची. ड्रायव्हरने दाखवलेल्या ग्लासात त्याहून मोठे कण होते आणि ते भोकातून येणं शक्य नव्हतं. मग मी ट्रेकडे पाहत बसलो. रिन्सर होता रस्त्याच्या तोंडावर, गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. ट्रे कायम ओला. कापसाची गाडी वळली की धुळीचा लोट येई, कोरड्या काउंटरवरून निम्मा पुढे उडून जाई आणि ओल्या ट्रेवर सगळा चिकटे. मग ग्लास दाबला की धार ग्लासच्या आत आपटून खाली येई, ट्रेतल्या चिखलावर पडे आणि तिथून उडालेले शिंतोडे ग्लासच्या कडेला, बाहेरच्या अंगाला. पोरगं ग्लास सुलटा करी, तेव्हा कडेवरचे कण आत घसरत. पाणी अगदी शुद्ध असतं तरी हे झालंच असतं. धुळीच्या जागी पाण्याच्या फिल्टरआधी ट्रेची जागा आणि ट्रेची सफाई बघावी, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. फिल्टर विकणाऱ्यांना हे आवडत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती यंत्राची नाही, वापराची. दोन्ही रिन्सर सगळ्याच कामाला चालत. उष्टा ग्लास आला की कारंजावर, आणि तोच ग्लास लगेच भरून पुढे. साबण संध्याकाळी एकदाच. रिन्सर हे विसळायचं साधन आहे. दुधाचा, साखरेचा पातळ थर गार पाण्याच्या तीन सेकंदांच्या धारेने निघत नाही, आणि ओठांचं उष्टं तर नाहीच नाही. उलट त्या चिकट थरावर धूळ आणखी पकड घेते. ग्लास उन्हात धरला की आतून धुरकट दिसायचा तो याचमुळे.

पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, हजाराच्या वर आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. कडकपणासाठी हेच आकडे २०० आणि ६००. टीडीएस मीटर कडकपणा वेगळा सांगत नाही, त्यामुळे नुसता मीटर बुडवून “पाणी खराब” म्हणण्यात अर्थ नाही. इथे साबणाला फेस धरत नव्हता, किटलीच्या तळाला पांढरी पुटं होती, म्हणजे कडकपणा उघड होता. चहा आप्पा जारच्या पाण्याचा करतात, बोअरचं पाणी फक्त धुण्या-विसळण्याला. पण विसळलेल्या ग्लासात ते थोडं राहतंच, म्हणून शेवटच्या विसळण्याचं पाणी पिण्यालायकच हवं. यावर आमचा वाद झाला. शेवटी मोरीकडचा रिन्सर बोअरवर ठेवला आणि चहा भरण्याजवळचा आरओच्या, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याच्या टाकीवर घेतला. वेगळा छोटा पंप लागला, पण त्या रिन्सरच्या भोकांतला क्षार जवळजवळ बंद झाला.

केलेले बदल

जागा आधी बदलली. भरण्याजवळचा रिन्सर रस्त्याच्या तोंडावरून सहा फूट आत, भिंतीच्या आडोशाला. गिऱ्हाइकाला तो आता दिसत नाही, याचं आप्पांना वाईट वाटलं. दुसरा मोरीला लागून. मोरीकडच्यावर उष्टे ग्लास आल्या आल्या विसळायचे, म्हणजे दूध वाळत नाही, मग साबण, मग स्वच्छ पाणी, मग जाळीच्या रॅकवर पालथे. भरायच्या आधी आतल्या रिन्सरवर एकदा, फक्त धुळीसाठी. उष्टा ग्लास आतल्या रिन्सरवर जाणार नाही, हा एकच नियम पोरांना पाठ करायला लावला. त्याला दोन आठवडे गेले.

टाकीला नवं झाकण, ओव्हरफ्लोला नायलॉनची जाळी, आउटलेट तळापासून चार बोटं वर. टाकीवर शेडनेट टाकलं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ च्या घरात जातो, छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, आणि असं गरम पाणी भोकाच्या तोंडाशी लवकर सुकून क्षार लवकर धरतं.

फिल्टरसाठी बाहेर शोधायची गरजच नव्हती. ठिबकच्या दुकानात पाऊण इंची डिस्क फिल्टर मिळतो, १२० मेशचा, म्हणजे १३० मायक्रॉनच्या आसपास. ठिबकवाले भोकाच्या दहाव्या भागाइतका बारीक फिल्टर धरतात. एक मिलिमीटरच्या भोकाला १०० मायक्रॉन, म्हणजे आपण हिशेबाच्या जवळ आलो. व्हॉल्व्हच्या बैठकीला मात्र त्याहून बारीक वाळूही ओरखडे पाडते, म्हणून डिस्कच्या पुढे आरओच्या आधी बसवतात तसलं स्पन कार्ट्रिज (तंतूंची, बदलायची गाळणी) लावलं. फक्त कार्ट्रिज लावलं असतं तर या पाण्यात ते आठवड्याला बदलावं लागलं असतं. आधी डिस्क असल्याने मोठा गाळ तिथे अडतो आणि डिस्क धुता येते. कार्ट्रिजचं भांडं पारदर्शक आहे, रंग बघून बदलायची वेळ कळते. पण ते सावलीत हवं, उन्हात त्यात शेवाळ धरतं.

क्षार काढायलाही आप्पांना नवं शिकावं लागलं नाही. त्यांच्या भावाच्या केळीला ठिबक आहे, नळ्यांना अॅसिड सोडणं घरात सगळ्यांना माहीत. मात्र शेतातलं ते तीव्र अॅसिड इथे अजिबात नको, स्टील आणि रबर दोन्ही जातील. किराण्यातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, अर्धा लिटर कोमट पाण्यात दहा ग्रॅम, म्हणजे दोन टक्के. आठवड्यातून एकदा फुली त्यात वीस-पंचवीस मिनिटं बुडवायची, दात घासायच्या जुन्या नायलॉन ब्रशने भोकं घासायची, भरपूर पाण्याने धुवायची. सुई किंवा तार घालायची नाही, प्लास्टिकची भोकं मोठी होतात आणि मग धार कायमची तिरकी. आणि ब्लीचिंग पावडर किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) जवळपास असेल तर दोन्ही कधीच एकत्र नाहीत, क्लोरीन वायू सुटतो. मोरीत दोन्ही डबे शेजारी ठेवलेले होते. लिंबूफुलाचा डबा मी स्वतः उचलून आतल्या फळीवर ठेवला.

रोजच्या सफाईत एकच गोष्ट उलटी केली. पोरं रात्री आधी पाणी मारत, मग पुसत. पाणी पडलं की धुळीचा चिखल होऊन दांड्याच्या फटीत शिरतो. आता आधी कोरडा ब्रश, रुईचे तंतू चिमटीने ओढून काढणं, मग ट्रे उचलून मोरीत धुणं, दांडा ओल्या फडक्याने पुसून दहा-बारा वेळा दाबून सोडणं, शेवटी सगळं कोरडं करून वर पातेलं पालथं घालणं. दिवसा ट्रे ओला राहणारच, पण गाड्यांची गर्दी असेल तेव्हा दर दोन तासांनी ट्रे काढून झटकायचा. दोन ट्रे आहेत, एक धुवेपर्यंत दुसरा.

निचऱ्याचा पाइप हा भाग सगळेच विसरतात. विकणाऱ्याने तो एका बादलीत सोडला होता. बादली भरली की पाणी ट्रेत तुंबे आणि फुली गढूळ पाण्यात बुडलेली राही. उतार देऊन पाइप बाहेर नेला, तोंडाशी जाळी लावली. आतल्या रिन्सरचं पाणी साबणाचं नसतं, ते मागच्या कडुनिंबाच्या आळ्यात जातं.

पाण्याचा हिशेब

मार्चनंतर या भागात पाणी मोजूनच वापरावं लागतं, म्हणून हे विचारलंच जातं. मापाच्या मगात धरून पाहिलं तर तीन सेकंदांच्या दाबाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी गेलं. सहाशे ग्लास एकदा विसळले तर १२० लिटर, दोनदा तर २४०. पोराचं मन भरेपर्यंत, सहा-सात सेकंद दाबलं तर हा आकडा दुपटीच्या वर जातो. बादलीत यापेक्षा कमी लागतं हे खरं, पण बादलीचं ‘कमी’ हे पाणी न बदलल्यामुळे कमी असतं. आप्पांच्या मुलाचं म्हणणं होतं, कागदी कप आणू, कटकटच नको. आप्पांनी ते उडवून लावलं : वाऱ्याने ते कप शेजारच्या कापसात जातील आणि भांडण माझ्या दारात येईल. मला हा युक्तिवाद पटला.

पहिला रिन्सर दुरुस्त झाला नाही. दांड्याच्या झिजलेल्या भोकाला इलाज नव्हता, आणि त्याची व्हॉल्व्हची बॉडी सांध्यावर चिकटवलेली, उघडता न येणारी होती. त्या जागी घेतलेला उघडता येतो, त्याच्या स्प्रिंगा आणि ओ-रिंगा सुट्या मिळतात, आणि फुलीवर लहान ग्लाससाठी मधली टेकण आहे. धुळीच्या जागी घेताना मी स्टीलची चकाकी बघत नाही, बघतो तो हातात खोलता येतो का. स्प्रिंगा आणि ओ-रिंगांचा एक संच आप्पांच्या गल्ल्यात ठेवलेला असतो.

मार्चअखेर जिनिंगचा हंगाम संपत आला तेव्हा पंपाची खटखट थांबलेली होती आणि खरीची तक्रार पुन्हा आली नव्हती. सकाळचं अडकणं मोरीकडच्या रिन्सरला अधूनमधून होतं, बहुतेक आदल्या रात्री कोरडा ब्रश चुकलेला असतो. राहिला प्रश्न भारनियमनाचा. वीज गेली की दोन्ही पंप बंद आणि पोरांचा हात पुन्हा बादलीकडे. फवारणीच्या बॅटरी पंपात बारा व्होल्टचा डायफ्रॅम पंप असतो, प्रेशर स्विचसकट, आणि एका रिन्सरला तो पुरेसा आहे. मात्र औषध मारलेला जुना पंप पिण्याच्या पाण्याला लावायचा नाही, नवाच घ्यायचा. आप्पांच्या खळ्यात जुना पडून आहे आणि नव्याचे पैसे द्यायला ते तयार नाहीत, त्यामुळे ते काम तसंच राहिलं आहे.